घरट्यावरची फांदी

१२ मे
कापली फांदी! अंगठ्याएवढीच होती, पण तिच्या पानांमुळे कॅमेऱ्यात घरटं दिसेना. को सरांना विचारायला हवं होतं, संशोधन त्यांचं आहे. ते डोंगराखाली ताइचुंग शहरात गेलेत. आता चित्र कसं लख्ख येतंय! या तुरेवाल्या पक्ष्यांच्या दोन-दोन जोड्या एकाच घरट्यात अंडी घालतात. पाऊस वाढला की त्यांची भांडणं कमी होतात का, एवढंच आम्हाला बघायचंय.

१४ मे
कडक ऊन. दोन्ही माद्या दिवसभर एकमेकींना टोचतायत. एकीने दुसरीचं अंडं चक्क बाहेर ढकललं! स्वयंपाकाच्या आ-ग्वेई मावशी पडद्यावर बघून म्हणाल्या, "एका घरात दोन सुना म्हटल्यावर दुसरं काय होणार? आमच्याकडे तर भांडी फुटायची."

१७ मे
पाऊस. थांबतच नाही. बाकीच्या सहा घरट्यांवर पानांचं छत आहे. याच्यावर नाही — मीच कापलं ना! पाणी सरळ आत पडतंय. छत्री बांधायला गेले तर पक्षी उडाले, अंडी उघडी पडली. पळत मागे आले.

१८ मे
चौघंही घरट्यात. एकमेकांना चिकटून, चिंब भिजलेले. भांडणाचं नाव नाही. एक उठला की दुसरा त्याच्या जागी सरकतो. मला बघवत नाही. रताळ्याची पेज तशीच राहिली. "बरं नाही का गं?" — मावशी. बरी आहे म्हणाले.

१९ मे
को सर आले. चित्रं बघून खुर्चीतून उठलेच. "इतकी वर्षं हेच शोधतोय मी! आभाळ फाटलं की वैर विसरतात!" शोधनिबंधावर माझंही नाव घालणार म्हणे. खरं सांगायला तोंड उघडलं आणि "थँक यू, सर" म्हणाले. वर हसले! लाज वाटते माझी मला.

२१ मे
सकाळी घरट्याखाली एक अंडं पडलेलं. आत पिल्लू. मेलेलं. ते चौघं उरलेल्या गार अंड्यांवर बसूनच आहेत. हे पाप माझं आहे. उद्या सांगणार. नाव जाऊ दे, हाकलू देत.

२२ मे
सांगितलं. सर म्हणाले, "अगं, मग हा तर प्रयोगच झाला! सहापैकी तीन घरट्यांवरचं छत काप. तीन तशीच ठेव." फांद्या छाटायची कात्री त्यांनीच आणून दिली.

मी "बरं, सर" म्हणाले.