दुसरी सही

अमरावती,
किंक्रांत (आज शुभकार्य करत नाहीत, म्हणून पत्र लिहायला बसलो)

श्रीयुत पंजाबराव यांसी कमलाकांतचा सप्रेम नमस्कार.

गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? माझे बरे चालले आहे. आठ वर्षे तुम्ही माझा फोन घेत नाही, त्याचा मला राग नाही. मागच्या आठवड्यात नितेशने सांगितले, "काका, बाबा वावरात गेले." अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठावर, त्या गल्लीत शेत-वावर कुठून आले हे मी त्याला विचारले नाही. मुलगा तुमच्यासारखाच सरळ आहे, त्याला खोटे जमत नाही.

बातमी अशी की आपल्या 'भिंग' मासिकातल्या निवडक लेखांचे पुस्तक निघते आहे. परतवाड्याच्या शाळेत बावीस वर्षे आपण ते सायक्लोस्टाइल करून काढले, बोटांची शाई रविवारीसुद्धा जात नसे. आणि आपली ती वही! एका वस्तूला एकच शब्द, तो एकाच पद्धतीने लिहायचा, आणि वहीत त्याच्याखाली दोघांच्या सह्या झाल्याशिवाय अंकात जाऊ द्यायचा नाही. 'तपमान' की 'तापमान' यावर तुम्ही दोन सोमवार चहाला हात लावला नाहीत. (तो चहा मी प्यायलो, हे आज सांगतो.) प्रयोगशाळेत कपबशा ठेवताना गोदाबाई विचारायची, "सर, आज कोनता शब्द धरला?" पंजाबराव, त्या सोमवारांची फार आठवण येते. तर, तुमच्या सहीशिवाय हे पुस्तक छापायचे नाही असे मी ठरवले आहे.

सगळी हस्तलिखिते टायपिंगला योगेशकडे दिली. आपलाच विद्यार्थी, भिंगाने गुरुजींचा सदरा जाळला होता तो. आता त्याचे दुकान आहे आणि स्वभाव अतिशय प्रामाणिक झाला आहे. इतका, की कागदावर जे जे दिसले ते ते त्याने टाइप केले, समासात पेन्सिलीने तुम्ही लिहिलेलेसुद्धा! माझा हरितद्रव्यावरचा लेख असा आला: पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने, कमलाकांतजी हे वाक्य संपेपर्यंत अमरावतीची येष्टी सुटून जाईन, अन्न तयार करते. पुढे गांडुळाच्या लेखात: इतके स्वल्पविराम काहून पेरून राहिले, विरळणी करा. आणि माझ्या सर्वांत आवडत्या, जळवेवरच्या लेखाच्या शेवटी फक्त: पोट्टे झोपले.

मी तीन महिने बसून हे सगळे निपटले. मैथिलीने (माझी सून, संगणकाची जाणकार) तक्रार न करता मदत केली, फक्त एकदा माहेरी जाऊन आली. आता साऱ्या पुस्तकात एक शब्द एकाच रूपात आहे, प्रत्येक आकृतीखाली क्रमांक आहे, पूर्णविराम जागच्या जागी आहेत. शेवटचा खर्डा घेऊन योगेशकडे गेलो. त्याने चार पाने चाळली आणि म्हणाला, "सर, ते भांडनारे सर कुठी गेले? मी त्यायच्यासाठीच वाचून राहिलो होतो." मी म्हटले, जागा पुरत नव्हती. घरी येऊन वाचायला बसलो आणि जळवेच्या लेखात मलाच डुलकी लागली.

आता तुमच्या रागाविषयी. वहीच्या शेवटच्या पानावर 'दोलक' हा शब्द आहे आणि खाली आपल्या दोघांच्या सह्या आहेत. पदार्थविज्ञान तुमचे, तुम्हाला 'लंबक' हवा होता, पोरांनी घरच्या घड्याळात तो पाहिलेला असतो म्हणून, हे सगळे मान्य. पण सही करून मग बोलणे टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. असो. जुनी गोष्ट आहे, मी मनात ठेवलेली नाही.

वहिनींना नमस्कार. तिळगूळ वेगळा पाठवतो, तो तरी गोड मानून घ्यावा.

आपला,
कमलाकांत

ता. क. छापखान्याला होळीच्या आत मजकूर हवा आहे.

ता. क. २. ती दुसरी सही माझी आहे. निवृत्तीपूर्वीचा शेवटचा अंक अडला होता, तुम्ही कौंडण्यपूरच्या यात्रेला गेला होता, मला घाई झाली. तुम्ही सहीखाली एक रेघ ओढता, ती ओढायची मी विसरलो. परत आल्यावर तुम्ही ते पान पाहिलेत, वही मिटलीत आणि गोदाबाईला म्हणालात, "उद्यापासून एकच चहा आन." त्या वेळी तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. माझे चुकले, पंजाबराव.

ता. क. ३. ती सही मी खोडली आहे. पुस्तकभर 'लंबक' केला आहे. समासातले तुमचे शेरेही सगळे परत घातले आहेत, जळवेच्या शेवटचा धरून. मंगळवारी सकाळच्या गाडीने वही घेऊन मी स्वतः येतो आहे. तेवढा एक दिवस वावरात जाऊ नका.