तुटक्या पुलाच्या अलीकडं

विटा,
रविवार, २४ जानेवारी १९९९

चि. जयराजास आईचा आशीर्वाद.

इकडं सगळी हायती तशी हायती. ऊस तुटून गेला, त्याच्यासंगं माझी कंबरबी गेली. म्हस व्याली, रेडा झाला. तुझा बाप सुट्टीवर येऊन महिनाभर पलटणीगत हुकूम सोडत हुता, परवा गेला एकदाचा. कोइमतूरच्या त्या तेजाबाच्या वाफंत तू तोंडाला फडकं बांधतोस का? चार वर्सं झाली, तू आला न्हाईस, एक ओळ लिवली न्हाईस, तरी इचारते.

लालासाहेब मामा औंधच्या जत्रंला आला, तवा तू दिलेलं पुडकं पोचलं. आत चिठ्ठी न्हाई. मामा म्हणला, "आक्का, पोरगं म्हणलं, हे आईच्याच हातात दे." मला वाटलं लुगडं असंल. निघाली खेळाची क्यासेट. वर त्योच आपला कंदीलवाला माणूस, आन् तीनचा आकडा. तू पाचवीत असताना मामानं पहिले दोन भाग आणलं हुतं. तिसऱ्यापायी तू जेवायचा न्हाईस. मी तशीच पोत्यावर बसले.

मग माळ्यावरची ट्रंक काढली. टीव्हीला लावायच्या खेळाच्या खोक्याची वायर तुटलेली. रेडिओवाल्या गुंडाकडनं जोडून आणली. त्यो म्हणतो, "मावशी, नातवाला व्हय?" म्हणलं, "तुझं काम कर."

आता दुपारी रानातनं आले की मी खेळते. हसू नगंस. पहिल्या दिवशी कंदीलवाला चार पावलांत खड्ड्यात. चौथ्या दिवशी बोटं आपसूक हलाय लागली. भुयारात वटवाघूळ कुठनं येतं, कुठलं मडकं फोडल्यावर तेल मिळतं, सगळं बोटांच्या ध्यानात हुतं. तुझी बहीण संयोगिता वरडली, "आई, दूध उतू चाललंय!" म्हणलं, जाऊंदे. लय वर्सानं काय तरी उतू गेल्याचं मला वाईट वाटलं न्हाई.

आता पुढचं. कालपासनं तीनदा हितंच पेन ठिवला.

ती वायर उंदरानं खाल्ली न्हवती. तुला मामाकरवी तसं कळवलं, ते खोटं. तू गेलास त्याच दिवशी म्या विळीनं कापली. नववीत नापास झालास तवा बापाम्होरं, मामाम्होरं मीच म्हणलं, खेळापायी पोरगं वाया गेलं, न्हे ह्याला तुझ्या गलाईच्या दुकानात, सोनं गाळायला. तू मान खाली घालून गप उभा. बापानं मारलं तरी गप. आन् परीक्षेच्या महिन्यात तू पुस्तक घिऊन बसलास की हाक कोण मारायचं? "जया, ये रं, कंदीलवाल्याला तेवढा तुटका पूल पार करून दे." तू म्हणायचास, "आई, उद्या गणिताचा पेपर हाय." मी म्हणायची, "दोन मिंटाचं काम." रोज. आन् तू रोज यायचास.

मामाला समदं खरं सांगितलं. बाप हितं हुता तवा धीर झाला न्हाई, आता त्यालाबी पत्र घातलंय, त्यो काय म्हणंल ते म्हणंल. शाळंत जाऊन हेडमास्तरांना इचारलं. सतरा नंबरचा फारम भरून भायरनं धाव्वीला बसता येतं. फारम भरायचा का न्हाई, तुझं तू ठरीव. ह्या बारीला मी ठरवणार न्हाई.

दुसऱ्या भागात त्याच पुलावर अडकले हाय. कंदीलवाला काळ्या पाण्यात पडतोय आन् पडतोय. संयोगिता म्हणली, मी पार करून देते. तिला हाकलली, तिची धाव्वी हाय. तिसरा भाग तू बांधलेल्या कागदातच हाय. दुसरा सरल्याबिगर घालायची न्हाई.

काम टाकून पळत येऊ नगंस. सवड काढून ये.

तुझ्या पेपराच्या आदल्या दिवशी हाक मारणारी,
तुझी आई