पाण्यावरची साय

२ मे
डायरी लिहायची म्हणून वही आणली, त्याला बराच काळ लोटला. आधी पेन सापडेना. पेन सापडलं तर मूड सापडेना. मग म्हटलं वहीला कव्हर तरी घालावं. कव्हरसाठी कागद शोधताना एका जुन्या मासिकात गाढवांच्या स्वभावावर लेख मिळाला. तो वाचण्यात दुपार गेली. चांगला प्राणी आहे. लोकांचे गैरसमज फार.

असो. आज मुहूर्त लागला, कारण आज मला जॉब लागला.

वहिनी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिथे वेटिंगमध्ये काचेचा मोठा टँक आहे, आत खरीखुरी झाडं आणि मासे. तो सांभाळणारा माणूस सोडून गेला. वहिनीने डॉक्टरांना सांगितलं की माझ्या धाकट्या दिराला यातलं कळतं. (खरं आहे. मी एकदा एका हॉटेलात राहिलो होतो, तिथे असाच टँक होता.) डॉक्टर म्हणाले, महिनाभर बघू, जमलं तर कायमचं तुमचं.

दादाचं वेगळंच. म्हणाला, फोटो स्टुडिओ झाला, आइस्क्रीमची गाडी झाली, डोंगरावर लोकांना वाट दाखवायला गेलास आणि तूच हरवलास. आता हा एक महिना टिकून दाखव. नाही टिकलास तर मागची खोली रिकामी कर, मला तिथे वॉशिंग मशीन ठेवायचंय. सख्खा भाऊ बोलतोय हे. वॉशिंग मशीन!

वहिनी एवढंच म्हणाली, भाऊजी, मी शब्द टाकलाय, माझं नाक कापू नका.

संकल्प: पहाटे उठणे. रोज डायरी. टँकचा सखोल अभ्यास.

६ मे
मधले दिवस सखोल अभ्यासात गेले. (कॅरम.)

आज टँक नीट पाहिला. झाडं हिरवीगार, पाणी स्वच्छ, मासे चिमुकले आणि चपळ. एक तेवढा जाडा आहे, पोट पुढे काढून सगळ्यांची पाहणी करत फिरतो. त्याला चेअरमन नाव दिलं.

एकच खोट. फिल्टरच्या नळीतून पाणी वरून पडतं आणि सतत खळखळ आवाज येतो. तो ऐकून पेशंट एकामागून एक टॉयलेटला जातात. एक आजोबा तर परत परत. आधीच्या माणसाच्या हे लक्षातच आलं नाही! मी नळीचं तोंड खाली वळवून पाण्यात बुडवलं. एकदम शांतता. पाणी आरशासारखं. त्यात माझा चेहराही दिसला, बरा दिसत होता.

पहिल्याच दिवशी सुधारणा. याला नजर असावी लागते.

१० मे
पाण्यावर साय आली आहे. दुधावर येते तशी, पण पातळ. तिरकं पाहिलं की रंग दिसतात, रस्त्यावर पेट्रोल सांडल्यासारखे. मला छान वाटली. डॉक्टरांना नाही. म्हणाले, हे तेलकट काय आहे? मी म्हणालो, सीझनल असतं.

मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे गेलो. त्याने सांगितलं की सायीमुळे झाडांना उजेड कमी मिळतो, माशांना हवा कमी मिळते, ती काढायलाच हवी. मग विचारलं, वरचं पाणी हलतंय ना? मी म्हणालो, नाही, ते मी बंद केलं.  तो म्हणाला, मग चालू करा की! आता त्याला पेशंटची अडचण कुठून कळणार? त्याच्याकडे कोणी दाढ काढायला येत नाही.

बाकी म्हणाला, खाणं मोजकं घाला, कुजलेली पानं काढा, आणि पाण्यावर कोरडा कागद टेकवून साय उचला. यातलं कागदाचं पटलं. उद्यापासून.

१३ मे
कागदाचं आज केलं.

टिश्यू संपले होते, म्हणून वेटिंगमधल्या मासिकाची पानं घेतली. एक पान टेकवायचं, उचलायचं, फेकायचं. साय निघते, पण पाठ फिरवली की हजर. टँकच्या काठावर तासन्‌तास वाकून उजवा खांदा धरला. त्यात त्या टॉयलेटवाल्या आजोबांनी गोंधळ घातला. रहस्यकथेची शेवटची पानं कुठे आहेत म्हणे. वहिनीला म्हणाले, अहो, खून कोणी केला तेवढं तरी सांगा. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगू? मी कथा वाचली नव्हती, फक्त वापरली.

घरी येऊन खांद्याला बाम चोळला. जालीम चीज. डोळ्यांतून पाणी आलं, पण खांदा सुटला.

१४ मे
सकाळी पुन्हा बाम, खांद्यापासून थेट मनगटापर्यंत. मग टँकच्या तळाशी हात घालून कुजलेली पानं काढली. दुकानदार काय, मीही काही कमी नाही. हात बगलेपर्यंत आत. संध्याकाळी साय दुप्पट!

याला काय म्हणावं? माणूस जीव तोडून काम करतो आणि पाणी असं तोंडावर साय ओढून घेतं.

१६ मे
खांदा जास्त दुखतो, म्हणून बाम जास्त. साय जास्त, म्हणून हात जास्त वेळ पाण्यात. त्यामुळे खांदा अजून दुखतो. चहूबाजूंनी कोंडी. माझ्याच वाट्याला का?

एक मात्र चांगलं झालं. टँकजवळ गेलं की गार, औषधी सुगंध येतो. झाडं बरी होत असल्याची ही खूण. पेशंट नाक मुरडतात, एका बाईंनी तर विचारलं, इथे हाडांचा दवाखाना पण आहे का? अडाणी.

वहिनी म्हणाली, भाऊजी, जरा हात धुऊन घालत जा हो टँकमध्ये. फार लागलं मनाला. मी रोज अंघोळ करतो. बाम तर अंघोळीनंतर लावतो, म्हणजे स्वच्छ अंगावर. पण हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ आहे!

१९ मे
आज जेवणाच्या सुटीत एक भन्नाट कल्पना सुचली. दातांच्या खुर्चीला एक नळी असते. पेशंटच्या तोंडातलं पाणी ती सरसर ओढून घेते. तिने साय का ओढू नये? मोठमोठे शोध असेच लागले असतील.

नळी दारापर्यंतच पोचली. पुढे टँकच्या कामाचा माझा पाइप जोडला, वर चिकटपट्टी. बटण दाबलं. काय ओढलं तिने! साय गेली, थोडं पाणी गेलं, चेअरमन जवळजवळ गेलाच होता, पण पोटामुळे वाचला. सगळं जागच्या जागी लावून मी जेवायला बसलो. इतकी भूक अनेक दिवसांत लागली नव्हती.

दुपारी एक शिक्षिका खुर्चीत तोंड उघडून बसल्या होत्या. नळी ओढेना. डॉक्टरांनी ती उघडली तर आत हिरवं पान, बोटभर लांब. बाई घाबरल्या. शपथेवर सांगू लागल्या की पालेभाजी खाऊन किती दिवस झाले. डॉक्टरही क्षणभर त्यांच्या दातांत बघत राहिले. मग हळूच मान वळवून दारातून टँककडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी शिट्टी वाजवत बादली घेऊन बाहेर गेलो. शिट्टी बरी जमते मला. पुढेमागे शिकायला हवी रीतसर.

संध्याकाळी साय परत! हिला लाज कशी वाटत नाही?

२२ मे
आता तर माशांनाही माझा लळा लागला आहे. सकाळी गेलो तर सगळे वर येऊन, तोंडं उघडून उभे. चेअरमन सगळ्यांत पुढे. ओठ हलवून काहीतरी सांगत होता. माझं मन भरून आलं. चिमूटभर खाणं जास्तच घातलं.

शेजारी बसलेला पेशंट म्हणाला, यांना दम लागलाय वाटतं. गाल सुजलेला माणूस, त्याच्या बोलण्याला काय किंमत द्यायची?

डॉक्टरांनीही बघितलं.  वहिनीला आत बोलावलं, दार लावलं. ती बाहेर आली तेव्हा कानाच्या पाळ्या लाल. मी विचारलं काय झालं. म्हणाली, ते विचारत होते, दीर सख्खाच ना? तिच्या ओळखीचा किती मान आहे तिथे!

नंतर डॉक्टर मला म्हणाले, तुमच्या खांद्याला आराम हवा, आठवडाभर येऊ नका. दातांचा डॉक्टर असून खांद्याची काळजी. राजा माणूस.

२५ मे
आराम. टँक सांभाळण्याची मोठी कंपनी काढायचा प्लॅन केला. शाखा, गणवेश, गाडीवर चेअरमनचं चित्र. चित्र काढताना पेन्सिल आवडली, म्हणून स्केचिंग शिकायचं ठरवलं. एक डोळा काढून झाला, चांगला आहे, पण चेअरमनचा वाटत नाही, दादाचा वाटतो.

दादा टेप घेऊन खोलीत आला होता. भिंत मोजली, नळ कुठे येईल ते बघितलं. म्हणाला, काही नाही रे, सहज.

बाम संपला.

२८ मे
वहिनी घरी आली ती थकलेली. म्हणाली, अर्धं पाणी बदललं, तुम्ही बुडवलेली नळी वर काढली, आता पाणी खळखळतं आणि साय कुठेही नाही. मासेही खाली गेले. डॉक्टर आणि ती, दोघं मिळून.

ऐकून धन्य झालो. शेवटी माझे उपाय लागू पडले! औषध असंच असतं. घेतल्या घेतल्या गुण येत नाही, उशिरा येतो. लोक मात्र शेवटचा हात लावतात आणि श्रेय घेतात. मी हे वहिनीला समजावून सांगितलं. ती घेवडा मोडत होती. फार जोरात मोडत होती.

पेशंट परत टॉयलेटला जायला लागले का, विचारलं. तर म्हणाली, भाऊजी, एक महिना म्हणून मी मान खाली घालून सहन केलं. आता मला उद्याचा दिवस तिथे नीट तोंड वर करून बसू द्या, एवढंच मागते. तिचे डोळे भरले होते. कामाचा ताण, दुसरं काय. तिने सुटी घ्यायला हवी.

१ जून, संध्याकाळ
महिना पूर्ण! मध्ये आराम होता, पण तो डॉक्टरांनीच सांगितलेला, म्हणजे ड्यूटीवरच. दादाला हे हिशेबाने सांगितलं. तो पाणी प्यायला उठला. हरला की असा उठतो.

सोमवारी जाऊन कायमचं पत्र मागायचं. शिवाय दोन सूचना द्यायच्या: नळी परत खाली, आणि वेटिंगमध्ये रहस्यकथांऐवजी कविता ठेवाव्यात, शेवट नसला तरी चालतो.

आता बेल वाजली.

बघून आलो. विश्वास बसत नाही. दारात डॉक्टर! स्वतः! दवाखाना बंद करून, जिने चढून, आमच्या घरी. धापा टाकतायत. वहिनी पदराने हात पुसत तशीच उभी, दादा खुर्ची पुढे करतोय. डॉक्टरांच्या हातात माझी बादली आहे. बादलीत माझी जाळी, माझा पाइप, माझा टॉवेल. टॉवेल धुऊन, घडी करून. एक वस्तू विसरले नाहीत.

बहुतेक मला घरूनच काम करायला देणार आहेत.