मोटार सरळ चालू लागली त्याची कर्मकथा

मु. आंबवडे, संस्थान भोर
आश्विन शुद्ध पंचमी, सन १९३४

ती. ज्ञानोबा दाजी यांस कुंडलिकचा साष्टांग नमस्कार. (नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. कंबरेमुळे बसवत नाही, म्हणून पोटावर पडूनच पत्र लिहितो आहे. तेव्हा हा अगदी खराखुरा समजावा.) आपली प्रकृती, रतनअक्काचा दमा आणि आपल्या कारखान्यातले साहेब, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे आई खुशाल, भात निसवलं आहे, म्हैस व्याली आहे, कुत्रंसुद्धा अंग धरून आहे. या घरात हाल म्हणाल ते माझ्या एकट्याचे आहेत.

दाजी, भादवी पोळ्याला येऊन तुम्ही आमची मोटार दुरुस्त करून दिलीत, त्याबद्दल तुमचे आभार कोणत्या तोंडाने मानू? मानतच नाही. तुम्ही माझं वाटोळं केलंत. सख्ख्या बहिणीचे यजमान म्हणून जास्त बोलवत नाही, नाहीतर पत्रातच चार शिव्या घालणार होतो.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मन मोकळं करतो. ज्येष्ठात सासुरवाडीला, पालीला, पोराचं बारसं झालं, तेव्हा मी मोटार घेऊन गेलो होतो. स्टिअरिंगच्या पेटीतले दाते झिजलेले. हातातलं चाक अर्धा फेरा उगीच फिरवायचं, त्यानंतर कुठं पुढच्या चाकांना जाग यायची. मला त्याचं काहीच वाटत नसे, कारण मी मोटार शिकलो तीच हिच्यावर. वळण यायच्या आधी हाताला आपोआप कळायचं. पण आमचे सासरे, रायबामामा, मोटारीत माझ्या शेजारी बसले होते. ते भर पंगतीत म्हणाले, "सरळ वाटंला जावईबापू दळाण दळल्यावानी हात का फिरवत्यात? जवर ही गाडी सरळ चालत न्हाई, तवर माझी लेक आन नातू हिच्यात बसायचा न्हाई. बैलगाडीनं धाडतो." आता सांगा, तुमच्यासारख्या मानी माणसानं काय केलं असतं? मीही तोंडात विडा असतानाच, अख्ख्या भावकीपुढं सांगून टाकलं की माझा मुलगा घरी येईल तर मोटारीतनंच येईल, बैलगाडीत त्याचं पाऊल पडायचं नाही. (त्याला अजून पाऊल टाकता येत नाही हे कुणीतरी म्हणालंच. गावात असली माणसं असतातच.) पुढं पाऊस लागला, पालीची गाडीवाट चिखलात गेली, आणि चार महिने मंडळी तिकडं, मी इकडं. घर नुसतं खायला उठतं दाजी. भाकरी आई करते, पण समोर बसून "अजून अर्धी घ्या" म्हणणारं कुणी नाही.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती, ती आता सांगून टाकतो. तुम्ही मोटारीखाली शिरून ओरडला होतात, की कमानीच्या पाट्यांना हळद आणि लोणी कुणी फासलं? ते आईनं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी चालली होती, तेव्हा तिनं विचारलं की मोटारीचा भार कशावर असतो. मी पाटे दाखवले. मग ती म्हणाली, "मंग त्येचं खांदं त्येच की रं. वरीसभर वझं व्हातंय बिचारं." आणि बसली चोळत. खोटं कशाला बोलू, पाट्यांची कुरकुर त्या दिवसापुरती थांबली. पण रात्रभर गावातली कुत्री मोटारीखाली चाटत होती, आणि त्यांतलं एक आपण पालीला निघताना तिच्या मागं धावलं ते भुंकायला नव्हे.

असो. तुम्ही पेटीत नवे दाते बसवलेत, पाटे उतरवून मोडका बदललात, आणि स्वतः हाकत मोटार पालीच्या वेशीपर्यंत आणलीत. मी शेजारी राजासारखा बसलो होतो. तुम्ही चहा घेऊन पुण्याला चालते झालात. चाकावर मला दोन हात तरी मारू द्यायचे होतेत! पण तुम्हाला घाई. रायबामामा नवा फेटा बांधून आले आणि म्हणाले, आधी मला बसवून एक फेरी मारा, मग लेकीला बसवतो. मंडळी पोराला घेऊन दारात उभी होती. मला मोटारीतनं फक्त त्याच्या कुंचीचं टोक दिसलं. म्हटलं, आलोच फेरी मारून, मग घेतो त्याला.

तिथल्या सगुणाबाईच्या भातखाचराजवळ वाट जराशी डावीकडं वळते. माझ्या हातांनी वर्षानुवर्षांच्या सवयीनं अर्धा फेरा आधीच फिरवून ठेवला. आणि दाजी, त्या मेलीनं ऐकलं! तत्काळ ऐकलं! आयुष्यात पहिल्यांदा मोटारीनं माझा शब्द मानला आणि आम्हा दोघांना घेऊन ती भातात उतरली. सगुणाबाई बांधावरनं ओरडत होती, "जावईबापू, वाट हिकडं हाय, हिकडं!" रायबामामा कंबरेइतक्या चिखलात उभे राहिले. फेटा भातावर. मला वाटलं आता मारतात. त्यांनी मिशीवरचा चिखल पुसला आणि शांतपणे म्हणाले, "गाडी सरळ झाली जावईबापू. आता तुमचं बघा."

मोटार बाहेर काढली ती त्यांच्याच बैलांनी. शिंगांचा पोळ्याचा रंगसुद्धा उतरला नव्हता. ती आता त्यांच्या गोठ्यापुढं उभी आहे आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. मी डोक्यापासून पायापर्यंत चिखलाचा. असल्या हातांनी पोराला कसं घ्यायचं, आणि कुठल्या तोंडानं त्या दारात जायचं? नसरापूरपर्यंत पायी आलो, तिथनं सर्व्हिस मोटारीनं भोर, आणि घरी. (अंगावरचा चिखल बघून त्या ड्रायव्हरनं मला टपावर बसवलं. कंबर गेली ती तिथंच.) दाजी, माझ्यात काही राम उरला नाही. कळावे, लोभ आहेच, तो असाच ठेवा, पण हत्यारांची पेटी घेऊन पुन्हा येऊ नका.

आपला दुर्दैवी मेहुणा,
कुंडलिक

ता. क. हत्यारांची पेटी घेऊन लगेच या. तुम्ही काढून नेलेले जुने झिजके दाते टाकून दिले नसतील तर ते परत बसवून द्या. मला त्याच मोटारीची सवय आहे. सासऱ्यांना काहीतरी सांगू.

ता. क. दुसरा. पत्र बंद करणार तोच रायबामामांची मेंढरं राखणारा गेनू आला. मंडळीनं त्याच्या तोंडी निरोप धाडला आहे, तो तसाच लिहितो. "मोटारीचं तुमचं तुमी बघा. पोरगं उपडं पडाया लागलंय. मिशीवाला कुनीबी दिसला की बा समजून हसतंय. काल कासारालाबी हसलं."

दाते राहू द्या. पत्र भोरच्या टपालात टाकून गेनूबरोबर कंबर धरून तसाच पालीला निघालो आहे. दोघांना बैलगाडीनंच आणतो. भावकी विचारील म्हणून, मोटारीत मोठा दोष निघाला, दाजी ती पुण्याला घेऊन गेले, असं मी सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे. तेव्हा दिवाळीच्या आत ती रायबामामांच्या गोठ्यापुढनं खरोखरच हलवा. मला खोटं पाडू नका.