ठिपका नसलेली चिठ्ठी

२ फेब्रुवारी, सोमवार

झालं एकदाचं पहिलं सत्र! खांदा निखळला म्हणून माझं पोहणं बंद, आणि जीभ शाबूत म्हणून हे काम माझ्या गळ्यात. कॉलेजचं म्हणणं असं, की दारूबद्दल मोठ्यांनी सांगितलं की मुलं जांभया देतात, तेव्हा मुलांशी मुलांनीच बोलावं. जोडीला ताई आहे. माझी सख्खी नव्हे, अख्ख्या पोहण्याच्या संघाची ताई. शेवटच्या वर्षाला, रिलेत शेवटची उडी तिची.

तलावामागची सामानाची खोली. ओल्या टॉवेलांचा कुबट वास, भिंतीला टेकून बारा जण. नाव न घालता प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहायची, तीही डाव्या हातानं, म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखायला नको. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. ताई वाचणार, सगळे बोलणार, मग चिठ्ठ्या फाडायच्या. गाडी सुरू व्हावी म्हणून पहिली चिठ्ठी आमच्याकडची, बनवलेली. ती ताई घरून लिहून आणते. कोपऱ्यात पेन्सिलीचा ठिपका, म्हणजे ती नमुन्याची हे आम्हा दोघींनाच कळावं.

आजचा नमुना — ‘पार्टीत एकच ग्लास. खरी सुरुवात घरी आल्यावर, दार लावून.’ मग एकेक जण बोलायला लागला. नंतर मी म्हटलं, "ताई, काय डोकं चालतं गं तुझं!"

"सुचतं," म्हणाली.

एक चिठ्ठी कोरी निघाली. असतो एखादा टवाळ.

५ फेब्रुवारी

आई म्हणते, तू दुधावरची सायसुद्धा संशयानं बघतेस. बघते! परवा ती दादानं खाल्ली होती, हे कुणी शोधलं?

९ फेब्रुवारी, सोमवार

बारा मुलं आणि एक नमुना, म्हणजे तेरा चिठ्ठ्या हव्यात. निघाल्या चौदा. एक पुन्हा कोरी.

नमुना आज तर फारच जमला होता — ‘बाटली टॉवेलात गुंडाळली की बॅगेत वाजत नाही.’ एकानं चक्क विचारलं, "कुठला टॉवेल, जाड की पातळ?" सगळे हसले.

मग पुढची चिठ्ठी उघडून ताई खोकायला लागली. थांबेचना. चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी वाचली — ‘आता सरावाआधी दोन घोट लागतात. त्याशिवाय हात थरथरतात. पाण्यात काही झालं तर?’

कुणी हसलं नाही.

इतरांचं डाव्या हाताचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे मात्र सरळ, सुबक. माझ्या मनात पाल चुकचुकली. फाडायच्या ढिगातून ती चिठ्ठी मी गुपचूप उचलली. ठिपका नव्हता. चारही कोपरे उजेडात धरून पाहिले.

नियम मोडला. पण कुणी बुडालं तर नियमाला काय चाटायचंय?

१० फेब्रुवारी

डाव्या हातानं इतकं सुबक कोण लिहील? डावखुराच!

आज खानावळीत डबे उघडले तेव्हा सगळ्यांचे हात बघत बसले. माझा भात गार झाला. बारा जणांत चमचा डाव्या हातात धरणारा एकच — बेडूक. ब्रेस्टस्ट्रोकवाला. पुढच्या आठवड्यात शनिवारी मिश्र रिले आहे, तिच्यात दुसरा पोहणार आहे. गरीब गाय वाटतो दिसायला. अशांचाच भरवसा नसतो.

१२ फेब्रुवारी

सकाळी साडेपाचला तलावावर. कारण काहीच नाही, पण आईला सांगितलं, खांद्याचा व्यायाम.

बेडूक पावणेसहालाच आला. स्वच्छतागृहात शिरला, कडी लावली. दहा मिनिटं! बाहेर आला तो डोळे लाल, हात कापताहेत. मग बॅगेतून बाटली काढून खुळखुळ चूळ भरली. पुदिन्याचा वास माझ्यापर्यंत आला. वास कशानं मारतात हे मीच तर सत्रात शिकवलं!

चौदावी चिठ्ठीही त्याचीच. एक कोरी टाकली, मग राहवलं नाही म्हणून दुसरी.

१३ फेब्रुवारी

ताईला चिठ्ठी दाखवली. वाचली नाही तिनं, नुसती बघितली.

"फाडली नाहीस?"

"ताई, हा तुझा नमुना तर नाही ना? ठिपका द्यायला विसरली असशील."

"ठिपका आहे का? नाही ना? मग नमुना नाही."

मी बेडकाचं सगळं सांगितलं. डावा हात, चूळ, कडी. ती टोपीच्या रबराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "कोच सरांकडे जाऊ नकोस. आपण शब्द दिलाय सगळ्यांना. मी बघते."

काय बघणार? ताई फार मऊ. सगळ्यांना पोटात घालते.

१६ फेब्रुवारी

स्पर्धेचा आठवडा म्हणून आज सत्र नाही. सरांना सांगितलं. चिठ्ठीचा विषय काढला नाही, फक्त म्हटलं, बेडकावर लक्ष ठेवा, सरावाआधी काहीतरी घेतो. सर पाण्याकडे बघत राहिले. "खात्री आहे?"

"हो."

संध्याकाळी लागलेल्या रिलेच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. काळजीनंच केलं मी. काळजीनंच! तरी जेवण गेलं नाही.

१८ फेब्रुवारी

बेडकानं सरांना कारण विचारलं. सर म्हणाले, "तुझं तुला माहीत." ताई तिथेच उभी होती. तोंडातून अवाक्षर नाही. मला वाटलं होतं, माझ्यावर तरी चिडेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार

रिले हरलो. बेडकाच्या जागी पोहलेला पोरगा मागे पडला, ते अंतर ताईला भरून काढता आलं नाही. भिंतीला हात लावून ती तशीच पाण्यात राहिली, कपाळ काठावर टेकून. दोघांनी धरून वर घेतलं तिला.

बेडूक वर बाकावर बसला होता, संघाचा टी-शर्ट घालून. त्याची आई आली होती. तिला त्यानं आज पोहणार म्हणून सांगितलेलं, मागून नाही म्हणायचं धाडस झालं नाही. शेवटपर्यंत ती शेजारणीला विचारत होती, "आमचा कधी येणार?"

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दारात बेडूक! आई म्हणाली, "ये रे बाळा, चहा घे." त्यानं चप्पलही काढली नाही.

"तूच सांगितलंस ना? तलावावर तूच बघत होतीस मला."

मी चहाचा कप पुढे केला, त्यानं घेतला नाही.

"मला उलटी होते. प्रत्येक सरावाआधी, शर्यतीआधी. भीती वाटते म्हणून. सातवीपासून. चूळ नको भरू? दारू काय, मी थंड सरबतसुद्धा पीत नाही. दर वेळी कोरी चिठ्ठी टाकतो. लिहू काय?"

चहा निवला. तो गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "साप साप म्हणून भुई धोपटलीस गं." मी मोरीत जाऊन रडले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्याची आई त्या बाकावर बसली होती, ते डोळ्यांपुढून हलत नाही.

पण कोरी त्याची, तर ही सुबक कुणाची? दुसरा डावखुरा नाहीच. आणि ज्याची कुणाची आहे, तो उद्या सकाळी पुन्हा पाण्यात उतरणार.

२३ फेब्रुवारी, सकाळ

सरांपुढे उभी राहिले. चूक माझी, खोटं सांगितलं, म्हटलं. बेडकाची माफी मागितली. "बघू," म्हणाला. ‘ठीक आहे’ म्हणाला नाही.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

ताई आज नमुना घरून आणायला विसरली. सत्राआधी खोलीत आम्ही दोघीच. तिनं माझ्यासमोर बसून लिहिला, उजव्या हातानं. तिचं अक्षर मी कधी पाहिलंच नव्हतं. आमचं सगळं फोनवर. ‘माझ्यापायी एकाची शर्यत गेली, तरी मी गप्प बसले.’ खाली पेन्सिलीचा ठिपका.

सरळ, सुबक अक्षर.

मी वहीतून चौदावी चिठ्ठी काढून शेजारी ठेवली. ताईनं दोन्हींकडे पाहिलं. बाहेर मुलांचे आवाज यायला लागले होते.

तिनं रबर घेतलं आणि आजच्या चिठ्ठीवरचा ठिपका खोडला.