हैबतराव, मीठ बघा

मुंबई,
ता. ६ जून १९८४

ती. अब्बांच्या सेवेशी शाहजादीचा आदबीने सलाम. वि. वि.

मी इकडे सुखरूप आहे. रोजे नीट चालले आहेत. होस्टेलच्या रंभाबाई पहाटेच्या सहेरीसाठी चपात्या आठवणीने झाकून ठेवतात, तेव्हा अम्माला म्हणावं, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

कॉलेज संपून महिना झाला, पण नोकरीचं कुठेच जुळत नाही. तीन हॉटेलांत जाऊन आले. तिन्ही ठिकाणी साहेबांनी सर्टिफिकेट उलटंसुलटं करून पाहिलं, मार्कांचं कौतुक केलं आणि टेलिफोनवर बसाल का, असं विचारलं. मी म्हटलं, मला भट्टीपाशी उभं राहायचं आहे. तर हसले. बाईमाणसाला भट्टीची धग सोसत नाही म्हणे! मग घरोघरी चुली कोण फुंकतं, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तुमची आठवण झाली आणि गप्प बसले.

पुढच्या गुरुवारी, चौदा तारखेला, फोर्टातल्या एका रेस्टॉरंटमध्ये बोलावलं आहे. तिथले मुख्य आचारी भिवाजी म्हणून आहेत. आधी रांधून दाखवा, मग बोलू, असा त्यांचा खाक्या आहे. हे शेवटचंच. तिथेही नाही म्हणाले तर टेलिफोनची नोकरी धरावी लागेल, कारण होस्टेलची खोली महिनाअखेर सोडायची आहे. पण मग तीन वर्षं तुमच्याशी भांडून शिकले ते कशासाठी, हे माझं मलाच सांगता यायचं नाही. दुवा करा.

तुमची, अजून भट्टी न मिळालेली,
शाहजादी

---

पिरंगुट, ता. मुळशी,
ता. १० जून १९८४

चि. शाहजादी हिला कमरुद्दीनचा आशीर्वाद आणि भरघोस दुवा. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या अम्माने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. भटाऱ्याच्या पोरीला रांधायचं शिकायला कॉलेज कशाला, असं मीच म्हणालो होतो. ते तू विसरली नाहीस, मीही विसरलो नाही. पण आता एस.टी.च्या थांब्यावर कोणी काही विचारायच्या आत मीच सांगतो की माझ्या पोरीने मुंबईत रांधायची पदवी घेतली. ऐकणारे आता मला बघून रस्ता बदलतात.

इकडे मशिदीपुढे रोज रोजा सोडायच्या वेळेसाठी खिचड्याची देग चढते. समोरचे हैबतराव पाच वाजले की ओसरीवरून उतरतात. आमचे रोजे, म्हणून मीठ चाखायचा मान त्यांचा. मी वाटी भरतो आणि हाक मारतो. ते चाखतात, डोळे मिटतात आणि गेली तीस वर्षं म्हणतात तेच म्हणतात, चिमूटभर कमी हाय. मीठ बरोबर असतं, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही. मी देगीवर नुसताच हात झाडतो, मग त्यांचं समाधान होतं. लहानपणी ही हाक तू मारायचीस. ते अजून म्हणतात की पोरीच्या हाकंला लई चव व्हती.

गुरुवारी कांद्याची घाई करू नकोस. कांदा परतताना माणसाने म्हातारं व्हावं, असं माझे उस्ताद म्हणत.

वाट पाहणारा,
तुझा अब्बा

---

मुंबई,
ता. १५ जून १९८४

ती. अब्बांना शाहजादीचा सलाम. वि. वि.

काल जे झालं ते लिहायची लाज वाटते, पण तुम्हाला नाही तर कोणाला लिहू?

भिवाजी म्हणाले, घरचं जे येतं ते करा. मी बारा माणसांचं काळ्या मसाल्याचं मटण करायला घेतलं. कांदा तुमच्या उस्तादांच्या सांगण्याप्रमाणे परतला. रश्श्यावर तवंग आला. मी वाटी भरली आणि काय झालं कोण जाणे, सवयीने तोंडातून खणखणीत हाक गेली, "हैबतराव, मीठ बघा!"

भांडी घासणारे कुशाबा हातातलं पातेलं तसंच धरून दाराकडे बघायला लागले, आत कोण येतंय म्हणून. मग जो हशा पिकला तो विचारू नका.

भिवाजी हसले नाहीत. हैबतराव कोण, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मला रोज्याचं सांगावं लागलं. आधी मुद्दामच बोलले नव्हते. बाई म्हणून एक खोट काढतातच, उपाशी म्हणून दुसरी कशाला काढू द्यायची? त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. स्वतः न चाखता रांधणाऱ्याच्या हाती मी माझी भट्टी कशी देऊ, असं म्हणाले. मग वाटी उचलली, चाखली आणि खाली ठेवली. पत्राने कळवू म्हणाले. असली पत्रं येत नसतात, हे मला आता कळलं आहे.

अम्माला यातलं निम्मंच सांगा.

तुमची,
शाहजादी

---

पिरंगुट,
ता. १९ जून १९८४

चि. शाहजादी हिला अब्बाची पोटभर दुवा. वि. वि.

तुझं पत्र मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं आणि हैबतराव समोरच होते. त्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी राहिली. मुंबईच्या हाटेलात आपल्या नावानं हाक पडली, हे त्यांनी न्हाव्याकडे, पिठाच्या गिरणीत आणि थांब्यावर, सगळीकडे सांगून झालं.

पण दुसऱ्या दिवशी ते देगीपाशी आले आणि चाखून काहीच बोलले नाहीत. मी विचारलं तेव्हा खाली बघत म्हणाले, कमरुद्दीन, पोरीची नोकरी माझ्या नावापायी गेली का रं? मी स्वतः जातो, त्या भिवाजीला सांगतो, पोरीचं मीठ कधी चुकत न्हाई. मी त्यांना कसंबसं थांबवलं.

जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर रोजा मोडत नाही, असं जाणकार सांगतात. मी ते कधी केलं नाही. दारात हैबतराव असताना गरज काय? विचारल्यावर तू चारचौघांत रोजा लपवला नाहीस आणि रांधलेलं दुसऱ्यापुढे धरायला लाजली नाहीस. नोकरी मिळो न मिळो, मला तुझा अभिमान वाटतो. हे तोंडावर कधी म्हणालो नसतो, म्हणून लिहून ठेवतो.

तुझा,
अब्बा

---

मुंबई,
ता. १ जुलै १९८४, ईद

ती. अब्बा आणि अम्मा, दोघांना शाहजादीकडून ईद मुबारक. वि. वि.

पत्र आलं! भट्टी मिळाली! टेलिफोन नाही, काउंटर नाही, भट्टी! गुरुवारपासून मी कामावर आहे. होस्टेलच्या वॉर्डनबाईंनी खोलीही आणखी महिनाभर राहू दिली आहे.

पहिल्याच दिवशी भिवाजींनी सांगितलं की मीठ बरोबर होतं, ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण वीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही आचाऱ्याने वाटी दुसऱ्यापुढे धरून बघा म्हटलं नव्हतं. ज्याला त्याला आपलीच जीभ खरी वाटते. पंधरा दिवस ते याच विचारात होते म्हणे. आता त्यांनी नियमच केला आहे. कोणतंही भांडं बाहेर जाण्याआधी रांधणाऱ्याने दुसऱ्याला चाखायला द्यायचं. आणि त्या चाखण्याला इथे सगळे हैबतराव म्हणतात. डाळीचा हैबतराव झाला का, असं कुशाबा दिवसातून दहा वेळा ओरडतात. हे हैबतरावकाकांना जरूर सांगा, पण बसलेले असताना सांगा.

नवीन असल्यामुळे ईदेला रजा मागता आली नाही. म्हणून सकाळी हॉटेल उघडायच्या आधी माझ्या भट्टीवर सुकं मटण केलं. कारखान्याचा ट्रक घेऊन आलेल्या आपल्या गावच्या वाल्मीकबरोबर डबा आणि हे पत्र पाठवते आहे. आज रोजा नाही, मला चाखता आलं असतं. पण चाखलं नाही. पहिला घास काकांचा.

तुमची, भट्टीवाली,
शाहजादी

---

पिरंगुट,
ता. ३ जुलै १९८४

चि. शाहजादी भट्टीवाली हिला अब्बाचा आशीर्वाद. वि. वि.

वाल्मीकने डबा ईदेच्याच संध्याकाळी आणून दिला. हैबतराव धुवट धोतर नेसून, डोक्याला पटका बांधून आले, जसे काही कुणाच्या मांडवातच निघाले होते. मी वाटी भरली आणि तुझ्यासारखी हाक मारली.

त्यांनी घास घेतला, डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बराच वेळ चावत राहिले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, बरोबर हाय. तीस वर्षांत पहिल्यांदा. तुझी अम्मा पदर तोंडाला लावून आत गेली. त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली, तीही रिकामी केली आणि पटका सावरत घरी गेले.

अशीच रांधत राहा. आमच्या जिवाला आता घोर नाही.

तुझा,
अब्बा

ता. क. ते गेल्यावर मीही घास घेतला. मीठ खरोखरच चिमूटभर कमी होतं.