पुढे डांबरी आहे

अहो,

तुमची काळी सायकल काल मी तन्वीला दिली. तुम्हाला विचारता आलं नाही, आणि देताना माझी एक जुनी चूक मला कबूल करावी लागली, म्हणून हे पत्र.

चौतीस वर्षं तुम्ही पंचक्रोशीला पत्रं वाटलीत आणि मी तुम्हाला एकही लिहिलं नाही. एकाच घरातल्या माणसाला पत्र कशाला, असं वाटायचं. आज मायना काय घालावा हेच पाच मिनिटं सुचेना. मायना चुकला म्हणून मुलांचे गुण कापणारी मी! शेवटी जन्मभर जी हाक मारली तीच लिहिली.

मुद्द्यावर येते. आपली नात शर्यतीत उतरली. सायकलची शर्यत, पण रस्त्यावरची नव्हे. वाळू, चिखल, आडवे टाकलेले ओंडके, आणि जिथे सायकल चालत नाही तिथे ती खांद्यावर घेऊन पळायचं. सायक्लोक्रॉस म्हणतात. दोन वेळा तिने अर्ज पुढे केला, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. अकरावीचं वर्ष आहे, एवढंच म्हटलं. खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. चिखलाने माखून सायकल घेऊन येणारी तन्वी मला पुन्हा बघायची नव्हती.

तिसऱ्या वेळी दिनेशने परस्पर सही केली. वर मलाच म्हणाला, "आई, तूच जा तिच्याबरोबर. माझी बंदरात ड्युटी आहे, आणि मोठं माणूस सोबत नसेल तर तिला उतरवणार नाहीत." तुमचाच मुलगा. काम करून मोकळं व्हायचं आणि मग विचारायचं. मी गेले ते एवढ्याचसाठी, की एकदा डोळ्यांनी बघून कायमचं नाही म्हणता यावं.

तुम्हाला आठवतं, लग्नानंतर पहिल्याच वर्षी आपलं सायकल खांद्यावर घेण्यावरून वाजलं होतं? मी हायस्कूलची बाई, आणि माझा नवरा खाडीच्या चिखलभरल्या खारबांधावरून खाकी फडक्याची घडी उजव्या खांद्यावर टाकून त्यावर सायकल घेऊन चाललेला. शाळेच्या खिडकीतून पोरं बघायची आणि मला बघून तोंड दाबायची. मी म्हटलं होतं, बांधाच्या तोंडाशी ठेवा ती सायकल आणि पलीकडच्या पाड्यावर चालत जा, लोक हसतात. तुम्ही फडकं झटकलंत आणि म्हणालात, "पुढे डांबरी आहे ना."

एवढंच. दर वेळी एवढंच. मला ते उत्तर वाटायचंच नाही. हट्ट वाटायचा.

नागावला आम्ही सकाळी सातला पोचलो. किनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनातून दोऱ्या बांधून वाट आखली होती. बनातून बाहेर आलं की भुसभुशीत वाळू, मग ओंडके, मग मुद्दाम पाणी सोडून केलेला चिखल, आणि चिखल संपला की ओहोटीने घट्ट झालेल्या वाळूचा लांब सरळ पट्टा. चाळीस मिनिटं फिरत राहायचं. चौदा मुली होत्या. बहुतेकींच्या सायकली अशा, की आपल्या दारात कोणी ठेवली तर मी राखण करत बसेन. आपलीची दिनेशने पनवेलहून आणलेली साधी, पण धुऊन पुसून आणलेली.

मी सरबतवालीच्या बाकावर बसले. पहिल्याच फेरीला सगळ्या मुली चिखलाशी उतरल्या आणि सायकली खांद्यावर घेऊन पळत सुटल्या. सरबतवाली लिंबू पिळायची थांबली. म्हणाली, "ओ बाय, पोरी सायकलवर हायत का सायकल पोरींवर हाय?" मी हसले. तीन वर्षांत मी त्या गोष्टीवर हसेन असं मला वाटलं नव्हतं.

आता ती गोष्ट. तुमच्यासमोर घडली, तरी माझ्या बाजूने सांगते.

त्या मार्चमध्ये तन्वी आठवीत होती. दुसऱ्या दिवशी पेपर, आणि तुम्ही तिला बांधापलीकडे पांढरा कांदा काढायला घेऊन गेलात. मोबाइल घरात खुंटीवरच्या पिशवीत. किती वेळा सांगितलं होतं, फोन खुंटीला टांगण्यासाठी घेतलेला नाही! सकाळी साडेदहाला मी अंगणात तांदूळ पाखडत होते, तर पोरगी दारात. कमरेपर्यंत चिखल, फ्रॉक फाटलेला, आणि हातात तुमची ती धूड सायकल. म्हणाली, "आजोबा खाली बसलेत. छातीत दुखतंय."

मी शेजारच्या मोटारसायकलवर बसले, बांधाच्या तोंडाशी उतरले, चिखलातून चालत तुमच्यापर्यंत आले. तुम्ही शुद्धीवर होतात. मी तुमचं डोकं मांडीवर घेतलं. तुम्ही माझ्या पायांकडे बघितलंत आणि म्हणालात, "चप्पल घालवलीस ना चिखलात." मग म्हणालात, "पोरीला ओरडू नकोस. मीच सांगितलं."

मला वाटलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी शेतावर नेलं, त्याबद्दल बोलताय. मी म्हटलं, नाही ओरडणार, तुम्ही बोलू नका. तुम्ही आणखी थोडं बोललात. कांदा किती काढून झाला ते सांगितलंत, माळा विणायला कोणाला बोलवायचं ते सांगितलंत. चार माणसं खाट घेऊन आली आणि तुम्हाला डांबरीपर्यंत आणेतो सगळं संपलं होतं.

ओरडले मी. एकदाच. तेराव्याला भांडी आवरताना तन्वी समोर आली आणि माझ्या तोंडून गेलं, "सायकल टाकून धावत आली असतीस तर दहा मिनिटं वाचली असती." ती हातातलं ताट मांडणीवर ठेवून निघून गेली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही आणि तिनेही नाही. सायकलला कुलूप घालून मी ती पडवीत उभी केली आणि किल्ली माझ्या कपाटात. म्हातारा माणूस बांधावर पडलेला, आणि ही सायकल सांभाळत बसली, असं मी तीन वर्षं मनात धरून होते. पोटच्या पोराच्या पोरीबद्दल!

आता नागाव. तिसरी का चौथी फेरी. तन्वीच्या पुढे पुण्याची एक उंच मुलगी होती. ती चिखलातून आधी बाहेर पडली, सायकल टेकवली, आणि तिची साखळी तुटली. ती सायकल हाताने ढकलत घट्ट वाळूवरून धावू लागली. छान धावत होती, पाय लांब होते. तन्वी मागून आली. चिखलात ती फार हळू होती, सायकल उजव्या खांद्यावर, साखळीची बाजू बाहेर, अगदी तुमच्यासारखी. चिखल संपताच तिने सायकल खाली टेकवली, उडी मारून बसली आणि गेली. त्या उंच मुलीला तिने पट्टा अर्धा व्हायच्या आत मागे टाकलं. माझी नजर सवयीने मनगटावर गेली. तन्वी पलीकडच्या निशाणाशी पोचली तेव्हापासून ती मुलगी तिथे येईपर्यंत मी काटा बघत राहिले.

अहो, माझ्या हातातला सरबताचा पेला तिरका झाला आणि साडीवर सांडला.

बांधावर दोनशे पावलं चिखल. पुढे आपल्या दारापर्यंत दोन किलोमीटर डांबरी. हे गणित मी सातवीच्या वर्गाला तोंडी घातलं असतं, आणि कोणी माझ्यासारखं उत्तर दिलं असतं तर बाकावर उभं केलं असतं. उरलेली शर्यत माझ्यासमोर झाली, पण मी ती पाहिली नाही.

तन्वी नववी आली. सरबताच्या गाडीमागे नळ होता, तिथे ती सायकल धूत होती. मी जाऊन उभी राहिले.

"त्या दिवशी सायकल का आणलीस?"

तिने वर बघितलं नाही. कोणता दिवस, असंही विचारलं नाही. "आजोबा म्हणाले, घेऊन जा. चिखलात जड होईल, पण टाकू नकोस. पुढे डांबरी आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं कुठे, आजी? तू ठरवलंस."

नळ चालू होता. तो बंद कर, पाणी वाया जातंय, असं मी म्हटलं. मग म्हटलं, "मी चुकले, तन्वी. तू बरोबर केलंस." इतकं सरळ वाक्य मी घरात कोणापुढे कधी बोलले आहे का? तुमच्यापुढे तर नक्कीच नाही.

ती "हं" म्हणाली. चाकातला चिखल काढत राहिली. थोड्या वेळाने नाक पुसत म्हणाली, "प्यायला पाणी आणलंयस?" मी आणलं नव्हतं. सोबतीला म्हणून गेलेलं मोठं माणूस, आणि पाण्याची बाटली घरी ओट्यावर.

"मीच सांगितलं," म्हणालात. काय सांगितलं, तेवढे दोन शब्द जास्त बोलला असतात तर? कांद्याच्या माळांबद्दल बोलायला दम होता तुम्हाला! पण जाऊ दे. मी ऐकलं तरी असतं का, याची मला खात्री नाही. तुमचं अर्धं वाक्य ऐकून उरलेलं आपणच पूर्ण करायची माझी सवय जुनी आहे.

परत येताना टेम्पोत हौद्यात सायकल आणि पुढे आम्ही दोघी. तिच्या उजव्या खांद्यावर वळ उठला होता, म्हणून तिने मला डावीकडे बसवलं. रेवदंड्याचा पूल कधी गेला मला कळलं नाही. मी झोपले होते. भर दुपारी, तिच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून, असं तिने आल्याबरोबर दिनेशला सांगितलं.

हलकं वाटतं आहे. दुसरा शब्द सापडत नाही. ती धावत आली असती तर मी पोचले तेव्हा तुम्ही बोलत नसता. मला ती दहा मिनिटं मिळाली, चप्पल, माळा, सगळं ऐकायला मिळालं, ते तेरा वर्षांच्या पोरीने तिच्या निम्म्या वजनाचं लोखंड खांद्यावरून वाहून आणलं म्हणून. ती दहा मिनिटं तिने घालवली असं मी म्हणत होते. ती तर तिने मला आणून दिली होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आजोबांची सायकल देशील? ती उचलून सराव केला की माझी कागदासारखी वाटेल." मी कपाट उघडलं.

तुम्हाला शब्द देते. रविवारी ती बांधावर सरावाला जाईल तेव्हा मी बरोबर जाईन. तीन वर्षं तिकडे पाऊल टाकलेलं नाही, आता टाकेन. बाटली भरून घेईन, फोन खुंटीवर ठेवणार नाही. आणि ती चिखलातून सायकल घेऊन येत असेल तेव्हा "टाक ती" असं माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही.

तुमची,
बाई
(चारचौघांत तुम्ही मला हीच हाक मारायचात, आणि मी रागवायची.)

ता. क. शाळेचा चार्ज देताना यादी करायची माझी सवय गेलेली नाही. दिलेल्या वस्तूंची नोंद खाली. घेणारीने तपासून सही केली आहे.

१. काळी सायकल, एक. मागचा ब्रेक लागत नाही. (हा शेरा तन्वीच्या अक्षरात आहे.)

२. कुलूप आणि किल्ली. यापुढे किल्ली तिच्याकडे.

३. हवा भरायचा पंप, एक. चालू.

४. पँटला लावायची क्लिप, एक. जोडीतली दुसरी सापडली नाही.

५. खांद्यावर घ्यायचं खाकी फडकं, एक. हे यादीत नव्हतं, माझ्या साड्यांखाली होतं. तिच्या खांद्यावरचा वळ पाहून काढलं. तेव्हापासून धुतलेलं नाही. तसंच दिलं.